क्रुसाशेजारी ध्वज

गेल्या जुलैत आमच्या मंडळीच्या सभेत एका तरुण सभासदाने ठराव मांडला की, उपासनामंदिरात व्यासपीठाच्या मागे जो लाकडी क्रूस आहे त्याच्या शेजारी राष्ट्रध्वज कायमचा उभा करावा. तो रिकाम्या हाताने आला नव्हता. गोल बैठकीचा सागवानी स्टँड, वर पितळी टोपण बसवलेली काठी आणि खादीचा ध्वज, असे सगळे त्याने स्वतःच्या पगारातून करून आणले होते. ध्वज इस्त्री करून पांढऱ्या कापडात गुंडाळलेला होता, आणि तो टेबलावर ठेवण्याआधी त्याने बाहेर जाऊन हात धुतले, रुमालाने पुसले, हे मी माझ्या खुर्चीवरून पाहिले. त्याच्या भावनेबद्दल मला तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. मला खटकली ती त्यानंतर झालेली चर्चा.

एक जण म्हणाले, ‘ध्वज दिसला की आपल्याकडे बोट दाखवणाऱ्यांची तोंडे बंद होतील.’ दुसरे त्याहून पुढे गेले. ठरावाला जो विरोध करील त्याच्या निष्ठेचाच प्रश्न आहे, असे म्हणून ते खाली बसले. त्यावर शब्बाथ शाळेच्या एका जुन्या शिक्षिकाबाईंनी उत्तर दिले, ‘माझे राज्य या जगाचे नाही, असे प्रभूनेच सांगितले आहे. आपल्याला राष्ट्राशी काय करायचे आहे?’ तासभर हेच सूर आळीपाळीने चढत राहिले. शेवटी पाळकसाहेबांनी ठराव पुढच्या सभेवर ठेवला आणि प्रार्थना करून सभा संपवली. आमच्या त्या लहानशा खोलीत जे झाले तेच देशभर मोठ्या आवाजात चालले आहे. एक बाजू ख्रिस्ती माणसाकडे देशभक्तीचा दाखला मागते, दुसरी बाजू घाईघाईने स्वातंत्र्यसैनिकांची यादी काढून तो दाखला सादर करते. असा दाखला मागणे योग्य आहे का, आणि ज्या शिकवणीवरून तो मागितला जातो ती शिकवण राष्ट्राबद्दल मुळात काय म्हणते, हे दोन्हीकडून कोणी विचारत नाही.

माझे मत सुरुवातीलाच मांडतो. देशावर प्रेम करणे ख्रिस्ती शिकवणीत बसतेच. शेजाऱ्यावर प्रेम कर ही आज्ञा ज्याला मान्य आहे त्याला आपल्या देशाकडे पाठ फिरवता येत नाही. देशाची पूजा मात्र या शिकवणीत बसत नाही, आणि कोणत्याही देशात, कोणत्याही ध्वजाखाली, ती बसवता येत नाही. या नकाराला निष्ठेतली उणीव समजणे ही चूक आहे, कारण असा नकार देण्याची ताकद ज्या देशाच्या नागरिकांत शिल्लक असते त्या देशाचे त्यात भलेच होते.

कराचा प्रश्न घेऊन आलेल्यांना येशूने नाणे दाखवायला सांगितले आणि त्यावरची मुद्रा कोणाची, असे विचारले, हा प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. ‘कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला’ हे उत्तर मात्र आपण वाटणीपत्रासारखे वाचतो: सहा दिवस सरकारचे, रविवार देवाचा. त्या उत्तराचा रोख निराळा आहे. नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे म्हणून नाणे त्याचे. मग देवाची प्रतिमा कशावर आहे? ऐकणारे यहुदी होते, आणि मनुष्य देवाच्या प्रतिरूपात घडवला गेला हे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातले वचन त्यांना लहानपणापासून पाठ होते. तेव्हा नाणे कैसराला द्यायचे, माणूस मात्र द्यायचा नाही. कार्थेजच्या तर्तुलियन या प्राचीन ख्रिस्ती लेखकाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी याच शब्दांचा हाच अर्थ लावला होता. राज्याला कर द्यावा, कायदा पाळावा, अधिकाऱ्याला मान द्यावा, वेळ पडली तर श्रम करावेत आणि जोखीमही पत्करावी. सदसद्विवेक मात्र त्याच्याकडे गहाण टाकू नये, एवढीच मर्यादा आहे. पण ती मर्यादा पक्की आहे.

याचा अर्थ ही शिकवण देशाबद्दल कोरडी आहे, असा कोणी घेतला तर त्याने पवित्र शास्त्र अर्धेच वाचले आहे. यरुशलेम दृष्टीस पडताच त्या शहरासाठी येशू रडला, असे लूकने लिहून ठेवले आहे. आपल्या भाऊबंदांसाठी स्वतः शापित व्हायलाही तयार आहे, असे पौल रोमकरांस लिहितो. बाबेलात बंदी म्हणून नेलेल्या लोकांना यिर्मया सांगतो की, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी झटा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. जिथे बंदीवासातल्या परक्या नगराबद्दल ही आज्ञा आहे, तिथे जन्मभूमीबद्दल काय म्हणावे? आणि तरीही याच शास्त्रात आमोस हा मेंढपाळ उभा राहून आपल्याच राष्ट्राला सुनावतो: मिसर देशातून तुम्हाला परमेश्वराने आणले हे खरे, पण पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीर येथून त्यानेच आणले नाही काय? ‘देव आमचा, म्हणून आम्ही श्रेष्ठ’ या वाक्यावर यापेक्षा कठोर प्रहार मला ठाऊक नाही. आमोस शत्रूच्या बाजूचा नव्हता. आपल्या लोकांचा विनाश जवळ आलेला त्याला दिसत होता आणि तो त्याला सहन होत नव्हता.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. ते पोकळ नाहीत, आणि त्यांना ‘अपप्रचार’ म्हणून झटकून टाकणारे आमचे वक्ते आमचेच नुकसान करतात.

पहिला मुद्दा इतिहासाचा आहे. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षे सोडता, धर्मसमीक्षण न्यायालय (इन्क्विझिशन) चालले. देवळे पाडली गेली, घरातले आचार गुन्हे ठरले, माणसांना कोठडीत घालून छळण्यात आले. इकडे मुंबई-साष्टी-वसईच्या कॅथलिकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वतःहून घेतले, आणि त्यामागे कंपनी सरकारशी असलेले नाते मिरवण्याचीही भावना होती. देशी मंडळ्यांचे पगार, शाळा, जमिनी कित्येक दशके परदेशी मिशनच्या हाती होत्या. ज्या धर्माचा कारभार परक्या सत्तेच्या छायेत वाढला त्याच्या अनुयायांबद्दल शंका घेतली जाते, यात केवळ दुष्टपणा आहे असे मी म्हणणार नाही.

पण गोव्याच्या उदाहरणातून नेमके काय सिद्ध होते? राष्ट्रापलीकडची निष्ठा घातक असते, हे? पोर्तुगालच्या राजाला रोमकडून पाद्रुआदोचे हक्क मिळाले होते. बिशप कोण व्हावा हे राजा सुचवत असे, आणि धर्मसमीक्षणही राजसत्तेच्या आश्रयानेच चालत असे. तिथे चर्च सिंहासनाला जुंपलेले होते. त्याच गोव्यातल्या साष्टी भागात (मुंबईजवळची साष्टी वेगळी), रायतूर येथे, १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत छापून निघाले. जन्माने इंग्रज असलेल्या त्या धर्मगुरूने मराठीची थोरवी गायली. पुढे अडुसष्ट वर्षांनी, संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीने हादरलेल्या पोर्तुगीज सरकारने १६८४ मध्ये हुकूम काढला की, लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. भाषा जपणारा हात शिकवणीचा होता आणि भाषा दाबणारा हात सत्तेचा. स्थानिक धर्मगुरूंना गोऱ्यांच्या बरोबरीने बढती मिळत नाही, या अपमानातून १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटो घराण्याभोवती कट रचला गेला, त्यात धर्मगुरूच पुढे होते, आणि १५ जणांना पणजीत देहान्त शासन झाले. गोव्याचा दोष चर्च राष्ट्रापासून दूर राहिल्याचा नव्हता. ते एका राष्ट्राच्या राजदंडाशी एकजीव झाले, हा तो दोष होता. ज्यांना गोव्याच्या छळाचा राग आहे, आणि तो असायलाच हवा, त्यांनी धर्म आणि राष्ट्र एकजीव करण्याचा आग्रह धरताना थोडे थांबून विचार करावा.

वसईचेही तसेच. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज निघून गेले, आणि तिथला ख्रिस्ती शेतकरी आपल्या वाडीत, आपल्या विहिरीपाशी राहिला. पोर्तुगालशी त्याची निष्ठा असती तर तो गलबतात बसला असता. आज पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी त्याची नातवंडे-पणतवंडे सामवेदी बोली बोलतात, मराठीत उपासना करतात. ‘ईस्ट इंडियन’ म्हणवणाऱ्या त्याच समाजात माझगावचे जोसेफ बाप्टिस्टा निघाले, लोकमान्य टिळकांचे सहकारी झाले आणि १९१६ मध्ये बेळगावात स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले. लोक त्यांना काका म्हणत.

दुसरा मुद्दा अधिक खोल आहे आणि तो सावरकरांनी १९२३ मध्ये मांडला: ज्याची पितृभू आणि पुण्यभू एकच आहे त्याचीच निष्ठा अखंड राहते, ज्याची पुण्यभू दूर देशात आहे त्याचे प्रेम दुभंगलेले राहते. हा तर्क सुसंगत आहे, म्हणून त्याचे उत्तरही तर्कानेच द्यायला हवे. माझे उत्तर असे की, ख्रिस्ती शिकवणीत त्या अर्थाने पुण्यभू नाहीच. योहानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवरची शोमरोनी स्त्री येशूला विचारते की, उपासना या डोंगरावर करावी की यरुशलेमात? तो सांगतो की अशी वेळ येत आहे, जेव्हा या डोंगरावरही नव्हे आणि यरुशलेमातही नव्हे, तर आत्म्याने व खरेपणाने उपासना होईल. यरुशलेमची यात्रा ख्रिस्ती माणसावर बंधनकारक नाही. एखादी भाषा देवाची आणि बाकीच्या दुय्यम, असेही नाही. म्हणून तर पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे मुक्तीमिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध शास्त्र सोप्या मराठीत आणण्यात घालवली. संत फ्रान्सिस झेवियरचे शव गोव्यात आहे आणि लोक तिथे जातात, वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेला जातात. आमची पावले बहुतेक याच मातीत फिरतात. पॅलेस्टाईनच्या भूमीवर आज कोणाचे राज्य असावे, याबद्दल माझ्या धर्माने माझ्यावर कोणतीही राजकीय निष्ठा लादलेली नाही.

मात्र इथे मला एक गोष्ट मान्य करावी लागते. दुसऱ्या शतकाच्या सुमारास एका ख्रिस्ती लेखकाने दियोग्नेतस नावाच्या गृहस्थाला लिहिले की, ख्रिस्ती माणसाला प्रत्येक परका देश मायदेश असतो आणि प्रत्येक मायदेश परका असतो. या वाक्यातला दुसरा भाग टोचणारा आहे. शेवटची निष्ठा राष्ट्रापलीकडे आहे, हे आम्ही लपवू नये. लपवले तर खोटे ठरेल. पण शेवटची निष्ठा राष्ट्रापलीकडे असणे हे फक्त ख्रिस्ती लोकांचे वैशिष्ट्य आहे का? ‘जन गण मन’ लिहिणारे रवींद्रनाथच १९१६-१७ मध्ये जपान-अमेरिकेत राष्ट्रवादाच्या पूजेविरुद्ध व्याख्याने देत फिरत होते. सत्य देशापेक्षा मोठे आहे, असे गांधीजी मानत. ज्याला काहीच देशापेक्षा मोठे वाटत नाही असा माणूस देशाच्या उपयोगाचा किती काळ राहील?

या प्रश्नाचे उत्तर जर्मनीने दिले आहे, आणि ते इतके स्पष्ट आहे की त्यावर मला थोडे थांबायचे आहे. जर्मनी ल्यूथरचा देश; तिथली धर्मविद्या जगभर मानली जाई. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा शिपायाच्या कंबरपट्ट्यावर ‘देव आमच्याबरोबर’ अशी अक्षरे होती, आणि तिथल्या नामांकित धर्मपंडितांनी विद्वानांच्या जाहीरनाम्यावर सह्या करून त्या युद्धाचे समर्थन केले. आपल्याच गुरूंची नावे त्यात वाचून कार्ल बार्थ नावाचा तरुण पाळक हादरला. जे धर्मज्ञान पहिल्या तोफेबरोबर राष्ट्राच्या दावणीला जाते त्याच्यात मुळातच काहीतरी कुजले आहे, असे त्याला वाटले. पुढे १९३३ मध्ये ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणवणाऱ्या गटाने चर्चच्या निवडणुका जिंकल्या. वेदीजवळ नाझी ध्वज लागले. त्या वर्षी १३ नोव्हेंबरला बर्लिनच्या श्पोर्टपालास्टमध्ये सुमारे वीस हजार लोकांसमोर त्यांच्या एका पुढाऱ्याने मागणी केली की जुना करार फेकून द्यावा, कारण तो यहुद्यांचा आहे, आणि पौलाच्या लेखनातलाही यहुदी भाग काढून टाकावा. ध्वज वेदीजवळ आल्यावर शास्त्राची पाने फाडायला निघेपर्यंत एक वर्षही लागले नाही. राष्ट्राला देवाशेजारी जागा दिली की ते शेजारी थांबत नाही. हळूहळू सगळी जागा व्यापते.

बार्मेन या गावी मे १९३४ च्या अखेरीस काही मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी जाहीर केले की, ख्रिस्ताशिवाय दुसरा कोणताही शब्द, कोणतीही सत्ता किंवा घटना देवाचे प्रकटीकरण म्हणून आम्ही मानणार नाही, आणि राज्याने माणसाच्या सबंध जीवनाची एकमेव व्यवस्था होऊन बसणे आम्हाला मान्य नाही. मसुदा मुख्यतः बार्थचा होता. पुढच्या वर्षी हिटलरची बिनशर्त शपथ नाकारल्याबद्दल त्याची प्राध्यापकी गेली. त्या घोषणेत एक मोठी उणीव होती आणि ती सांगितलीच पाहिजे: यहुद्यांच्या छळाबद्दल तिच्यात एक शब्द नाही. नकार देणाऱ्यांनीही आधी आपल्या मंडळीचा विचार केला, शेजाऱ्याचा नंतर. काहींनी केलाच नाही.

तरी त्या पिढीत दीत्रिख बोनहोफर हा तरुण पाळक होता. जून १९३९ मध्ये तो न्यूयॉर्कला सुखरूप पोहोचला होता. तिथे त्याला शिकवण्याचे काम मिळत होते. महिन्याभरातच तो परत निघाला. या कठीण काळात मी माझ्या जर्मन बांधवांबरोबर राहिलो नाही तर युद्धानंतर देशाच्या उभारणीत भाग घेण्याचा मला हक्क उरणार नाही, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले. त्यानंतर काही आठवड्यांत युद्ध पेटले. ज्या सरकारविरुद्ध त्याने काम केले त्याच सरकारने ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छावणीत त्याला फाशी दिले. तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. त्या सरकारच्या लेखी तो देशद्रोहीच होता. जर्मनीवर प्रेम कोणाचे होते: वेदीभोवती ध्वज लावणाऱ्यांचे, की सुरक्षित किनारा सोडून मरणाच्या दिशेने जहाजात बसणाऱ्या या माणसाचे?

कोरियाचे उदाहरण आपल्याकडे फारसे कोणी देत नाही. जपानी सत्तेविरुद्धच्या १९१९ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ३३ जणांच्या सह्या होत्या आणि त्यांतले १६ जण ख्रिस्ती होते. तिथे ही शिकवण परकी सत्ता झुगारणाऱ्यांच्या बाजूला उभी होती. मग जपानी सरकारने शिंतो देवस्थानात जाऊन वाकणे सक्तीचे केले आणि सांगितले की, ही पूजा नव्हे, हा केवळ देशभक्तीचा विधी आहे. १९३८ मध्ये पोलिसांच्या पहाऱ्यात प्रेस्बिटेरियन चर्चच्या महासभेने ते मान्य करून टाकले. ज्यांनी मानले नाही ते तुरुंगात गेले. पाळक जू गी-चोल १९४४ मध्ये तुरुंगातच मेले. ‘ही पूजा नव्हे, देशभक्ती आहे’ हे वाक्य ज्याने ज्याने ऐकले असेल त्याने हा इतिहास आठवावा.

तिसरा मुद्दा ईशान्येचा. नागा बंडखोर संघटनेने ‘ख्रिस्तासाठी नागालँड’ ही घोषणा दिली, हे खरे आहे, आणि तिचे समर्थन करणारा ख्रिस्ती मला भेटला तर मी त्यालाही आमोसचे तेच वचन वाचून दाखवीन. बंदुकीच्या नळीवर ख्रिस्ताचे नाव कोरणे ही त्याच पापाची छोटी आवृत्ती आहे. पण १९६४ च्या आरंभी नागा बाप्टिस्ट चर्चनेच पुढाकार घेतला, जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा आणि ब्रिटिश धर्मगुरू मायकेल स्कॉट यांचे शांतिमंडळ उभे राहिले आणि ६ सप्टेंबर १९६४ ला शस्त्रसंधी झाली, हेही त्याच भूमीत घडले. जी मोजपट्टी मी जर्मनीला लावतो ती मला नागालँडला, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाला शास्त्राधार पुरवणाऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चला आणि आज अमेरिकेत क्रूस व ध्वज एकाच काठीला बांधून फिरणाऱ्यांनाही लावली पाहिजे. आमच्यातले काही जण तिकडच्या ‘ख्रिस्ती राष्ट्रा’ची चित्रफीत मोठ्या कौतुकाने पुढे पाठवतात आणि इकडे सर्वधर्मसमभावाची मागणी करतात. हे दोन्ही एका तोंडाने बोलता येत नाही. बहुसंख्य असताना जे तत्त्व सोडावेसे वाटते ते तत्त्व अल्पसंख्य असताना उच्चारण्याचा अधिकार कमजोर होतो.

आता यादीबद्दल. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, पंडिता रमाबाई, काका बाप्टिस्टा, गांधीवादी अर्थतज्ज्ञ कुमारप्पा, राजकुमारी अमृत कौर, गोवामुक्तीसाठी पोर्तुगालच्या पेनिशे किल्ल्यात कैद भोगलेले त्रिस्तांव द ब्रागांसा कुन्हा: ही नावे मलाही अभिमानाची आहेत. पण ती जामीनदारांसारखी पुढे केली की आम्ही नकळत मान्य करतो की आमची निष्ठा गहाणवटीवर आहे आणि पूर्वजांनी ती फेडली आहे. घटना समितीत हरेंद्रकुमार मुखर्जी उपाध्यक्ष होते. १९४९ मध्ये अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडण्याचा ठराव त्यांनीच मांडला. जागा सोडून त्यांनी दाखला मिळवला नाही. समान नागरिकाला दाखला लागत नाही, एवढेच त्यांनी कृतीने सांगितले. शिवाय या माणसांनी नेमके काय केले, ते यादीत दिसतच नाही. रमाबाईंना इंग्लंडमध्ये दीक्षा मिळाली होती, तरी तिथल्या धर्मभगिनींशी त्या अधिकाराच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे भांडल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. आणि १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी रुग्णालयात स्त्रियांचे काय हाल होतात ते त्यांनी वृत्तपत्रात उघड लिहून गोऱ्या सरकारचा रोष ओढवून घेतला. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, कारण ख्रिस्त या भूमीत परदेशी वेष घालून का यावा, हा प्रश्न त्यांना जन्मभर छळत होता. या दोघांनी परकी सत्ता आणि परके चर्च या दोघांनाही शिकवणीच्याच जोरावर उत्तर दिले.

आणि शिक्षिकाबाईंना माझे आदराने सांगणे आहे की, ‘आपल्याला राष्ट्राशी काय करायचे आहे’ हे वाक्य त्यांच्याआधी सत्ताधाऱ्यांच्या सोयीचे ठरलेले आहे. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी भारतातल्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख बिशप वेस्टकॉट यांनी सविनय कायदेभंग ख्रिस्ती शिकवणीत बसत नाही, अशी भूमिका घेतली. अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, हे रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातले वचन त्या काळी मुखोद्गत असे. तंजावरचे ख्रिस्ती आणि पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत राहिलेले कुमारप्पा यांनी त्यांना जाहीर उत्तर दिले की, निःशस्त्र लोकांवर लाठ्या चालत असताना अहिंसेचा उपदेश करणाऱ्या प्रभूचे सेवक कोणत्या बाजूला आहेत? तेरावा अध्याय रोमकरांसही आहे आणि प्रकटीकरणातही आहे. पहिल्यात राज्यसत्ता देवाची सेवक आहे, दुसऱ्यात तीच पूजा मागणारे श्वापद झाली आहे. सेवक कोणत्या क्षणी श्वापद होतो ते ओळखायचे तर राष्ट्राच्या कारभारात डोळे उघडे ठेवून सहभागी व्हावे लागते.

ध्वजाकडे परत येतो. काय बिघडते, एका कोपऱ्यात उभा राहिला तर? अनेक देशांतल्या चर्चमध्ये तो उभा आहे, आणि तिथले सगळेच काही राष्ट्रपूजक नाहीत. हे मला मान्य आहे. पण उपासनामंदिरात काय उभे आहे त्यावरून तिथे कोणापुढे वाकायचे ते ठरते. पुण्यात शिकायला आलेले आफ्रिकी विद्यार्थी आमच्याकडे रविवारी येतात. प्रभुभोजनाच्या वेळी ते आमच्याबरोबर त्याच कठड्याशी गुडघे टेकतात आणि त्याच प्याल्यातून घेतात. तिथे समोर आमचा ध्वज असेल तर ते पाहुणे ठरतात. त्या मेजाशी कोणी पाहुणा नसतो. दुसरे असे की, ध्वजाचा मान त्याच्या जागेवर असतो. केरळात १९८५ मध्ये यहोवाच्या साक्षीदार पंथाच्या तीन शाळकरी भावंडांना, राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत पण गात नसत म्हणून, शाळेतून काढले. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. त्या पंथाचे मत मला पटत नाही, मी राष्ट्रगीत खड्या आवाजात गातो. पण आदराने उभे राहणे पुरेसे आहे, सक्तीची पूजा घटनेला नको आहे, हे आपल्याच न्यायालयाने सांगितले, याचा मला भारतीय म्हणून अभिमान वाटतो.

सागवानी स्टँड सध्या वस्त्रालयात, म्हणजे पाळकांची वस्त्रे ठेवण्याच्या खोलीत, जुन्या पेटीशेजारी आहे; ध्वज पाळकसाहेबांच्या कपाटात, त्याच पांढऱ्या कापडात. पुढच्या सभेत मी ठरावाच्या विरोधात मत देणार आहे आणि माझा दुसरा ठराव मांडणार आहे. आवारात, चिंचेच्या झाडाखालचा ओटा सोडून मोकळ्या जागेत, पक्का ध्वजस्तंभ उभारावा. खर्चात माझा वाटा आधी घ्यावा. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला ध्वज त्या तरुणाच्याच हाताने चढावा. आणि दर रविवारी राज्यकर्त्यांसाठी जी प्रार्थना आम्ही दोन वाक्यांत उरकतो ती सावकाश व्हावी, तिच्यात देशाच्या सुखासाठी मागणे असावे तशी देशात होणाऱ्या अन्यायाची कबुलीही असावी, आणि त्या कबुलीची सुरुवात आमच्याच घरापासून व्हावी: मंडळीत आजही लग्न जुळवताना पूर्वीची जात विचारली जाते, तिच्यापासून.